रुग्णालयाचे दार आणि तृतीयपंथी

रुग्णास ‘तुला काय होते?’ असे विचारण्याआधी ‘तू आहेस तरी कोण?’ असे जेथे विचारले जाते, त्या रुग्णालयास सार्वजनिक हे विशेषण शोभत नाही. तृतीयपंथीयांच्या वाट्याला ही अवहेलना वारंवार येते. ताप असो वा मोडलेला हात असो, केसपेपरावर ‘स्त्री’ लिहावे की ‘पुरुष’, आणि खाट कोणत्या कक्षात द्यावी, या घोळातच उपचाराची वेळ टळते. मग अंतरीच्या जाणिवेशी आपले शरीर जुळावे म्हणून ज्यांस वैद्यकाचे साहाय्य हवे असते, त्यांची अवस्था काय वर्णावी!

कागदोपत्री न्याय झालेला नाही, असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे नागरिकत्वाचे हक्क निःसंदिग्ध शब्दांत मान्य केले. २०१९ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे उपचार, समुपदेशन व विमा यांची जबाबदारी शासनावर टाकली. २०२२ साली वार्षिक पाच लाख रुपयांच्या आरोग्यविम्याची घोषणाही झाली. परंतु जेथे जाणता डॉक्टरच नाही, तेथे विम्याचे कार्ड घेऊन रुग्णाने जावे कोठे?

याचा परिणाम उघड आहे. कोणी ऐकीव माहितीवर संप्रेरकांच्या गोळ्या घेतो. कोणी अडाणी हातांखाली आपला देह देतो. ईस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका संभवतो. म्हणूनच मात्रा ठरविणे व ठराविक काळाने रक्त तपासणे अगत्याचे असते. हे काम दुकानदाराचे नव्हे, वैद्याचे आहे.

शरीरातील काही बदल परत फिरविता येत नाहीत, म्हणून सावधगिरी हवी, असा आक्षेप कित्येक सुज्ञ गृहस्थ घेतात. तो आम्हांस मान्य आहे. पण सावधगिरी म्हणजे तज्ज्ञांची तपासणी, पुरेशी माहिती आणि विचारपूर्वक दिलेली संमती. दार लावून घेणे नव्हे. दार लावल्याने गरज नाहीशी होत नाही, ती केवळ अंधारात जाते. हा मनोविकार आहे, हे म्हणणेही आता टिकणारे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मनोविकारांतून वगळली आहे.

तामिळनाडूने २००८ साली तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले आणि शासकीय रुग्णालयांतून या शस्त्रक्रिया मोफत उपलब्ध करून दिल्या. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली स्वतंत्र कक्ष उघडला गेला, हे स्तुत्यच. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णाने त्यासाठी मुंबई गाठावी काय? प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निदान एक प्रशिक्षित पथक असावे, आणि परिचारिकेपासून अधिष्ठात्यापर्यंत सर्वांस या रुग्णांशी वागण्याची रीत शिकवावी, एवढीच आमची मागणी आहे. ती दयेची नव्हे, कायद्याने मान्य केलेल्या कर्तव्याची आहे. आणि कर्तव्यास विलंब लागला, तर त्याची किंमत कोणाच्या तरी देहास मोजावी लागते.