शिट्ट्या मोजू नका, मिनिटे मोजा



शाळेच्या प्रयोगशाळेसाठी चार पैसे जमले, की पालकांच्या बैठकीचे बोलावणे आपल्यालाही येते. पैसा कुणाच्या टोमॅटोच्या पट्टीतला असतो, कुणाच्या कांद्याच्या. टेबलावर रंगीत माहितीपत्रके मांडलेली असतात आणि विचारले जाते, “निर्जंतुक करण्याचे यंत्र घ्यायचे आहे, कोणते घेऊ?” यातले आपल्याला काय कळते, म्हणून आपण मान डोलावतो. तसे करू नका. हा विषय तुमच्या चुलीजवळचा आणि गोठ्यातला आहे.

आधी हे यंत्र लागते कशाला ते पाहू. विज्ञान दिनी खोडदच्या दुर्बिणीपाशी भरणाऱ्या प्रदर्शनात आपल्या भागातील मुले प्रयोग मांडत आली आहेत. समजा, एखाद्या मुलीला हरभऱ्याच्या मुळावरील गाठीतले जिवाणू वाढवून दाखवायचे आहेत. त्यांचे खाद्य आणि बशी आधी पूर्ण निर्जंतुक नसेल, तर हवेतली बुरशीच वाढेल आणि पोरीची मेहनत वाया जाईल. प्रयोग संपल्यावरही बशीतले जंतू मारूनच ती धुवायची असते.

तुम्ही म्हणाल, पाणी उकळले की झाले! तसे होत नाही. काही जंतू अडचणीच्या काळात टणक कवच करून बसतात. त्यांना बीजाणू म्हणतात. धनुर्वाताचे बीजाणू शेणात आणि शेतातल्या मातीत असतात, आणि ते नुसत्या उकळण्याला दाद देतीलच असे नाही. त्यातून जुन्नर-आंबेगावचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंच. येथे पाणी शंभराऐवजी 98 अंशांच्या आसपासच उकळते.

एका हलगर्जीपणाने केवढा अनर्थ होतो, ते ऐका. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन प्लेगची लस तयार करीत. 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर फुटले आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे पुराव्यातून दिसले, की बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो औषधी पाण्यात नुसता बुडवून वापरला होता. 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 साली त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव दिले गेले. तीच आजची हाफकिन संस्था. मुंबईतली यंत्रे चोख असून काय उपयोग? घात चिमट्याने केला.

आता यंत्रांकडे वळू. निळ्या प्रकाशाची पेटी दिसायला छान असते. पण तो प्रकाश जिथे पडतो तिथलेच जंतू मारतो. बाटलीच्या आत किंवा सावलीत तो पोचत नाही, आणि मुलांनी त्याकडे पाहिले तर डोळ्यांना इजा होते. कोरड्या उष्णतेची विजेची भट्टी काचेच्या सामानाला चांगली, पण 160 अंशांवर दोन तास चालवावी लागते आणि पातळ खाद्य तीत चालत नाही. विजेचे मोठे वाफयंत्र उत्तम खरे. त्याला जाड वायर, चांगले अर्थिंग आणि भरवशाची वीज लागते. ऐन तासाला वीज गेली तर ते नुसते शोभेचे. शिवाय बिघडल्यावर दुरुस्तीला माणूस कुठून आणणार, हेही विचारा.

गावच्या हायस्कूलला दहा-बारा लिटरचा, उभट, वजनाची शिट्टी असलेला प्रेशर कुकर पुरतो. वाफयंत्राचे आणि त्याचे तत्त्व एकच: दाबाखालची वाफ 121 अंशांपर्यंत तापते आणि बीजाणूही मरतात. घेताना आयएसआय खूण पाहा. रबरी कडे आणि सुरक्षा झडप आपल्या बाजारात मिळते ना, याची खात्री करा. गॅसची शेगडी, आत ठेवायला जाळी आणि उष्णतेला टिकणारी काच, एवढे घेतले की झाले.

वापरण्याची रीत अशी. तळाला तीन बोटे पाणी घालावे. बाटल्या निम्म्याच भराव्यात, तोंडाला कापसाचा बोळा आणि वर कागद बांधावा. झाकण लावल्यावर शिट्टी लगेच ठेवू नये. नळीतून वाफेची सरळ धार पाच मिनिटे जाऊ द्यावी, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा राहिली तर दाब चढतो, पण उष्णता पुरेशी चढत नाही. मग वजन ठेवावे, पूर्ण दाब आला की आच बारीक करावी आणि घड्याळ लावावे. पुस्तकात 15 ते 20 मिनिटे लिहिलेली असतात. आपल्या उंचीवर आतली उष्णताही अंशभर कमी भरते, म्हणून 25 मिनिटे धरा. कुकर आपणहून थंड झाल्याशिवाय उघडू नये, नाही तर बाटल्या उसळून हात भाजतात. हे काम गुरुजी किंवा बाई समोर असतानाच व्हावे.

जंतूंचे खाद्यही घरचेच आहे. सातगाव पठारचा 200 ग्रॅम बटाटा उकडून त्याचे पाणी गाळावे. त्यात 20 ग्रॅम साखर आणि 20 ग्रॅम चायनाग्रास घालून एक लिटर करावे. यावर बुरशी छान वाढते. मात्र जखमेतले, घशातले किंवा शेणातले जंतू शाळेत वाढवू नयेत. वाढ झालेली बशी उघडू नये. ती तशीच कुकरमध्ये अर्धा तास ठेवावी आणि मगच धुवावी.

शेवटची गोष्ट, ही आयाबहिणींनी बैठकीत जरूर सांगावी. या कुकरवर लाल रंगाने ‘प्रयोगशाळा’ असे लिहून ठेवा. शाळेची खिचडी कितीही अडली, तरी तो कुकर स्वयंपाकाला द्यायचा नाही.