नळीवरचा आकडा

बंदुकीवर लिहिणाऱ्या लेखकांशी माझं भांडण आहे. ते सगळे परदेशात जन्मले, कधीच मरून गेले, आणि माझं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. तरी भांडण आहे, आणि ते आज लिहून टाकणार आहे.

आता कुणी म्हणेल, भुदरगडच्या कोपऱ्यातला दहावी शिकलेला शेतकरी, त्याचा असल्या इंग्रजी लेखकांशी काय संबंध? संबंध आला मेजरसाहेबांमुळं. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या रानाकडंला घर बांधून राहिले होते. त्यांच्याकडं आपल्याच सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल होती आणि कपाटभर शिकारीची पुस्तकं नि मासिकं. माझे वडील त्यांच्या हाक्याचं बघायचे. माणसं गोळा करायची, कुठल्या घळीतून जनावर निघंल ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी पाण्याची बाटली आणि बॅटरी धरायला. संध्याकाळी ओसरीवर साहेब वाचायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. त्यांच्या माघारी ती पुस्तकं माझ्याकडं आली. डिक्शनरी घेऊन, रडतखडत, पण मी ती वाचली.

त्या कपाटात दोन अमेरिकनांचं भांडण होतं. एक जॅक ओ'कॉनर. शिकलेला माणूस, विद्यापीठात शिकवायचा, पुढं 'आउटडोअर लाइफ' मासिकात वर्षानुवर्षं बंदुकीवर लिहीत राहिला. त्याचं लाडकं काडतूस .२७० विंचेस्टर. हे १९२५ ला बाजारात आलं. गोळी १३० ग्रेन, म्हणजे पाऊण तोळ्याला जरा कमी, पण वेग भयंकर. दुसरा एल्मर कीथ. आयडाहोचा, गुराढोरांतला, घोड्याच्या पाठीवर वाढलेला, शाळा जेमतेम. हा म्हणायचा, हलकी गोळी काय कामाची? एल्कसारख्या मोठ्या सांबराला अडीचशे ग्रेनची जाड गोळी पाहिजे, म्हणजे जवळपास दीड तोळा. .२७० ला तो कोल्ह्याकुत्र्याच्या लायकीची धरायचा. १९५८ ला विंचेस्टरनं .३३८ मॅग्नम काढली, तिच्यामागं या कीथचाच विचार होता. दोघं जन्मभर एकमेकांना टोचत राहिले आणि अर्धी अमेरिका या बाजूला, अर्धी त्या बाजूला.

मी शिक्षणावरून कीथच्या बाजूला असायला पाहिजे. पण माझं भांडण दोघांशीही आहे. कशावरून, ते सांगतो.

१९७० सालची सुगी. शिकारबंदीचा कायदा अजून दोन वर्षं लांब होता. भातात डुकरं पडत होती म्हणून गावानं हाका काढला. मी बारा वर्षांचा, साहेबांच्या मागं. दिवस बुडता बुडता एक मोठा एकल डुक्कर घळीतून निघाला, शंभर पावलांच्या पुढं, आडवा पळत. साहेबांनी बार टाकला. डुक्कर दचकल्यासारखा झाला आणि करवंदीच्या जाळीत शिरला. वडील हाक्याच्या पार त्या टोकाला. साहेब मला म्हणाले, "जा रे, बघ रक्त आहे का."

मी गेलो. कारवीच्या पानावर तीन थेंब होते, ताजे. पुढं दहा पावलांवर जाळी, आत काळोख. मी परत आलो आणि म्हणालो, "न्हाई साहेब. न्हाई लागली."

साहेबांनी खांद्यावर रायफल टाकली. आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भावकीतली एक काकी गवताला गेली. त्या डुकरानं तिची मांडी गुडघ्यापासून वर फाडली. जीव वाचला. पाय कायमचा गेला. साहेबांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, हे मी लपवणार नाही. माणूस वाईट नव्हता.

पण त्याच आठवड्यात ओसरीवर काय झालं ते ऐका. साहेबांचे एक वकील मित्र आले होते. साहेब म्हणाले, .३१५ चं काडतूस जुनाट, गोळी मंद चालते, हातात .२७० असती तर डुक्कर जागेवर झोपला असता. वकील म्हणाले, छे, अशा जनावराला कीथ म्हणतो तशी जाड गोळीच पाहिजे. मासिकं निघाली, तक्ते निघाले, किती ग्रेन, किती फूट वेग. दोन तास चाललं. काकी तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात होती.

मी खांबाला टेकून मान हलवत होतो. मला बरं वाटत होतं. चूक काडतुसाची ठरली की पानावरच्या तीन थेंबांबद्दल मला कुणी विचारणार नव्हतं. आणि साहेबांनाही कुणी विचारणार नव्हतं की शंभर पावलांच्या पुढं, पळत्या जनावरावर, अंधार पडताना बार टाकलाच का, आणि रक्त बघायला पोराला का धाडलं.

डुकराला ती गोळी कमी नव्हती. कमी आम्ही दोघं पडलो. काडतुसाची चर्चा ही लपायला किती चांगली जागा आहे, हे मी बाराव्या वर्षी शिकलो. म्हणून भांडण.

आता पुस्तकातलीच साक्ष काढतो. डब्ल्यू. डी. एम. बेल नावाचा स्कॉटिश माणूस आफ्रिकेत हस्तिदंतासाठी हत्ती मारायचा. हजाराच्या वर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या माउझर काडतुसानं. त्यालाच इंग्रज .२७५ रिग्बी म्हणतात. गोळी तोळाभराचीच. त्या काळी हत्तीसाठी .६०० ची दुनळी मिळायची, तिची गोळी ९०० ग्रेन, म्हणजे पाच तोळे. मग तोळाभरानं कसं भागलं? बेलनं हत्तीची कवटी करवतीनं उभी कापून मेंदू कुठं बसतो ते पाहिलं होतं. एका वर्षात चालून चालून बुटांचे २४ जोड झिजवले होते. पण त्याचे चाहते कवटी विसरले, बूट विसरले. लक्षात ठेवलं काय? .२७५! आणि तेवढ्यावर हलक्या रायफली घेऊन हत्तीमागं लागले. किती हत्ती जखमी होऊन रानात सडले असतील, त्याचा हिशोब कुठल्याच पुस्तकात नाही.

दुसरा जॉन टेलर. त्यानं १९४८ ला आफ्रिकेतल्या रायफली आणि काडतुसांवर ग्रंथ लिहिला. गोळीचं वजन, वेग आणि जाडी यांचा गुणाकार करून सातहजारानं भागायचं, की काडतुसाला मार्क मिळतात. लोक ते मार्क आजही सांगतात. पण टेलरनं ते कशासाठी काढले होते? हत्तीच्या डोक्यावर बार टाकला आणि मेंदू थोडक्यात हुकला, तर हत्ती गुंगीत पडेल का, एवढ्यापुरते. म्हणजे ते गणितच मुळात हुकलेल्या नेमाचं! वाचणाऱ्यांनी तेच हरणाला लावलं, रेड्याला लावलं, पाहिजे तिथं लावलं.

आणि आपल्या मुलखातली साक्ष पाहिजे तर जिम कॉर्बेट. चंपावतची वाघीण १९०७ ला त्यांनी मारली. सरकारदप्तरी तिच्या नावावर ४३६ माणसं होती. शेवटची गोळी कुठल्या नामांकित रायफलीची नव्हती. कॉर्बेटांची काडतुसं संपली म्हणून तहसीलदाराची साधी बंदूक मागून घेतली, तिची ती. मेल्यावर पाहिलं तर वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले. जुन्या गोळीनं. कुणीतरी कधीतरी बार टाकला होता, जबडा फोडला होता आणि माग न काढता घरी गेला होता. त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याचं काडतूस कुठलं होतं, हेही नाही. पण ४३६ माणसांच्या मरणाची सुरुवात त्याच्यापाशी आहे.

मला या सगळ्या कपाटात ते एक पान सगळ्यात मोठं वाटतं. मेजरसाहेबांनी आम्हाला ते वाचून दाखवलं नव्हतं.

माझ्याविरुद्ध बोलणाऱ्यांचंही ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे. आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी हत्ती-रेड्याला .३७५ च्या खाली बंदूक चालत नाही असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. छऱ्याच्या काडतुसानं गव्यावर बार टाकणारा माझ्या लेखी गुन्हेगार आहे. जनावराला पुरेल एवढी ताकद पाहिजेच. पण ती पुरेशी झाली की पुढचं सगळं भांडण शेतातल्या मोटारीच्या रंगावरून भांडण्यासारखं आहे. पाणी उपसतंय का, ते बघा.

ओ'कॉनर आणि कीथ, दोघंही आपापल्या जागी खोटे नव्हते. ओ'कॉनर उघड्या डोंगरावर रानमेंढ्यांची शिकार करायचा. लांबून, निवांत बसून, नीट दिसणाऱ्या जनावरावर नेम धरायचा. तिथं हलकी वेगवान गोळी सरळ जाते. कीथ दुसऱ्यांना शिकारीला नेणारा वाटाड्या. गिऱ्हाइकानं घाईत मागून, तिरका बार टाकायचा आणि जखमी एल्कचा माग दाट झाडीतून यानं काढायचा. तो जाड गोळी मागणारच. म्हणजे एकाचं मत उघड्या डोंगराचं, दुसऱ्याचं दाट रानाचं. काळ्या रानातलं बियाणं तांबड्या मुरमाड जमिनीत पेरायला सांगणारा जसा, तसे हे. स्वतःच्या रानाचा अनुभव जगाला सांगितला. वाचणाऱ्यानं रान सोडलं, आकडा घेतला. मासिकांना बंदुका-काडतुसांच्या जाहिराती मिळत होत्या, त्यामुळं आकड्यांचं भांडण मिटावं असं कुणालाच वाटलं नसणार.

माझी मुख्य तक्रार ही, की ही पुस्तकं पडलेल्या जनावरांची आहेत. बार लागला आणि पडलं, ते पुस्तकात आलं. बार लागला आणि गेलं, ते रानात गेलं. प्रत्येक शिकाऱ्याकडं अशी गेलेली जनावरं असतात. कॉर्बेटांसारखे थोडे सोडले तर त्यांच्याबद्दल मन लावून कोण लिहितो?

आता कुणी म्हणेल, १९७२ ला कायदा आला, शिकार बंद झाली, तुम्ही कशाला जुनं उगाळताय? शिकार बंद झाली ती कागदावर. रात्री रानातून बार ऐकू येतात, ते आम्ही गावकरी ऐकतोच. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडं रीतसर परवानगीची सोय आहे. पण परवाना नसलेली पोरं ठासणीच्या बंदुकीत सायकलचे छरे नि लोखंडाचे तुकडे भरून बसतात, आणि चावडीवर बोलतात मात्र मॅग्नमच्या गोष्टी. माझ्याच उसाच्या फडात गेल्या काही वर्षांत दोनदा कुजलेल्या जखमेचा डुक्कर मेलेला सापडला. एकदा गव्याच्या मांडीत पू झालेला पाहिला. तो आठ दिवस ओढ्याकाठी फिरत होता आणि बायका तिकडं धुणं न्यायच्या बंद झाल्या होत्या. डुकरानं माझंही पीक खाल्लंय, त्याचं मला कौतुक नाही. पण जखमी डुक्कर गावात सोडणारा माणूस डुकरापेक्षा जास्त नुकसान करतो.

काकी त्या पायानं आणखी तीस-पस्तीस वर्षं चालली. आमच्या दारावरूनच तिची वाट होती. मी चाळिशीत आल्यावर एकदा तिच्यापाशी बसून ते तीन थेंब सांगितले. तिनं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू बारा वर्साचं प्वार. पर तो एवढा मोठा बाप्या, त्यो का न्हाई आला बघाय?"

तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. कपाटभर पुस्तकांत जो प्रश्न मला सापडला नाही, तो तिनं विचारला.

तेव्हा शहरातल्या वाचकांना सांगणं एवढंच, शिकारीचं पुस्तक हातात आलं तर बार टाकल्यानंतर लिहिणारा किती पावलं चालला, ते आधी शोधा. आणि आमच्या गावच्या पोरांना सांगणं, परवाना असंल तर घ्या बंदूक. पण माग काढायची हिंमत नसंल तर ती घरातच राहू द्या. नळीवर आकडा कुठलाही असो, रक्त बघायला स्वतः जायचं.