असमान तासिकांचा कैवार

माध्यमिक शाळेचे वेळापत्रक करण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याची मे महिन्याची अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा कसा जातो हे इतरांस सांगून समजत नाही. ज्याचे जळते त्यासच कळते. फरशीवर पसरलेला मोठा तक्ता, शिक्षकागणिक निराळ्या रंगाच्या चिठ्ठ्या, आणि एक चिठ्ठी हलविली की तिच्यामागोमाग हलवाव्या लागणाऱ्या दहा, हा शिरस्ता मी पुष्कळ वर्षे पाळला आहे. सबब हे काम संगणकावर करण्याविरुद्ध शिक्षककक्षांतून जी मते ऐकू येतात, त्यांची झाडाझडती घेण्याचा मला काहीसा अधिकार आहे असे मी समजतो.

या मतांपैकी सर्वांत प्रबळ मत असे, की वेळापत्रकाची संगणकप्रणाली ज्या शाळेत प्रत्येक वर्गास आठवड्याला सारख्याच तासिका असतात तेथे ठीक. परंतु जेथे पाचवीची मुले सातव्या तासिकेनंतर घरी जातात, सहावी ते आठवीचे वर्ग आठव्या तासिकेनंतर सुटतात आणि नववी-दहावीस जादा नववी तासिका असते, तेथे तिचा उपयोग नाही, कारण साऱ्या शाळेसाठी एकच चौकट द्यावी लागते आणि तीत लहान वर्गांची घरे रिकामी राहून सगळा हिशेब विसकटतो. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. चौकट एकच द्यावी लागते, हे खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, आणि त्यातून काही शाळांनी जी पळवाट काढली आहे ती मुलांच्या व शिक्षकांच्या मुळावर येणारी आहे.

असमानता ही शाळेची लहर असून ती मोडून सर्व वर्ग एका मापाचे करावेत, असा सल्ला देणाऱ्यांनी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याची अनुसूची एकवार उघडून पाहावी. पहिली ते पाचवीस वर्षाला किमान २०० दिवस व ८०० अध्यापनाचे तास, सहावी ते आठवीस २२० दिवस व १००० तास, अशी मापे तीत घातलेली आहेत. भागाकार केला तर पाचवीस दिवसाला सरासरी चार तास पडतात आणि सहावीस साडेचार तासांहून किंचित अधिक. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मांडल्यास एकीस सात आणि दुसरीस आठ. (शनिवारच्या अर्ध्या शाळेचा हिशेब अर्थातच निराळा धरावा लागतो.) आपल्याकडे पाचवीचा वर्ग अनेक ठिकाणी हायस्कुलाच्याच इमारतीत भरतो, म्हणजे एका छपराखाली व एका घंटेवर चालणाऱ्या दोन इयत्तांना कायद्यानेच दोन निरनिराळी मापे दिली आहेत. दहा वर्षांच्या मुलास पंधरा वर्षांच्या मुलाइतका वेळ बाकावर बसवू नये, असाच त्याचा अर्थ मी लावतो, आणि तो मला मनापासून पटतो.

आता त्या पळवाटेविषयी. एका शाळेत, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, पाचवी ते दहावीच्या प्रत्येकी दोन तुकड्या होत्या. पाचवीच्या तासिका आठवड्याला ३९, सहावी ते आठवीच्या ४५ आणि नववी-दहावीच्या ५०. प्रणालीस समान वर्गच चालतात या समजुतीने तेथे पाचवीच्या तुकड्यांत ‘स्वाध्याय’ नावाच्या अकरा-अकरा आणि मधल्या सहा तुकड्यांत पाच-पाच, अशा एकूण ५२ खोट्या तासिका भरण्यात आल्या व सर्व वर्ग पन्नासाच्या मापाला आणले गेले. वेळापत्रक तयार झाले, छापले, फलकावर लागले. पहिल्याच मंगळवारी पाचवी ‘ब’च्या वर्गावर तिसऱ्या तासिकेस कोणी आलेच नाही. मी काही कामासाठी तेथे गेलो होतो व व्हरांड्यात उभा होतो. मुले वह्या उघडून काही वेळ गप्प बसली, मग एक मुलगी उठून शिक्षककक्षाच्या दाराशी गेली आणि “बाई, आमच्या वर्गावर कोण येणार?” असे विचारू लागली. आत बसलेल्या बाईंनी फलकाकडे पाहिले. त्या घरात ‘स्वाध्याय’ असे लिहिले होते आणि शिक्षकाचे नाव नव्हते. प्रणालीच्या लेखी ती गणितासारखीच एक तासिका. ती दिवसाच्या शेवटीच पडावी, असे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

या प्रकारावर उपाय म्हणून त्या तासिकांना शिक्षकांची नावे जोडण्यात आली, आणि मग अनर्थ पुरा झाला. शाळेचा खरा भार ५४८ तासिकांचा. तो ६०० झाला. एका शिक्षकाकडे तीसच्या आसपास तासिका असताना जवळजवळ दोन शिक्षकांचे काम निव्वळ कागदावर निर्माण झाले आणि ते अठरा जणांच्या ऑफ तासांतून वसूल करण्यात आले. पाचवीची मुले नवव्या तासिकेपर्यंत अडकून पडली ती निराळीच. दोष प्रणालीचा, असे सर्वानुमते ठरले. मी त्या ठरावाशी सहमत नाही.

खरी तजवीज अगदी साधी आहे. रुमानियातील लिव्हिऊ लालेस्कू यांनी २००२ साली सुरू केलेली व विनामूल्य मिळणारी ‘फेट’ ही प्रणाली मी वापरतो, म्हणून तिच्याच रीतीने सांगतो. चौकट सर्वांत मोठ्या वर्गाच्या मापाने आखावी: दिवस सहा, तासिका नऊ, घरे चौपन्न. शनिवारची शाळा पाच तासिकांची, म्हणून त्या दिवसाची शेवटची चार घरे साऱ्या शाळेसाठी बंद. उरली पन्नास, आणि नववी-दहावीच्या तासिकाही तितक्याच. सहावी ते आठवीपुरते सोमवार ते शुक्रवारचे नववे घर ‘वर्ग उपलब्ध नाही’ म्हणून बंद करावे, उरली पंचेचाळीस. पाचवीचे आठवे व नववे, शिवाय शनिवारचे पाचवे बंद करावे, उरली एकोणचाळीस. एकही खोटी तासिका न लिहिता प्रत्येक वर्गाचा जमाखर्च जुळला. बंद घर आणि खोटी तासिका यांत अंतर ते काय, असे कोणी विचारील. बंद घर शाळेने ठरविलेल्या जागीच राहते आणि कोणाच्याही कार्यभारात जमा होत नाही. खोटी तासिका दिवसभर हिंडते आणि कोणाच्या तरी नावावर चढते.

यासोबत वर्गाच्या दिवसात मध्येच रिकामी तासिका येता कामा नये, हीही अट घालावी लागते. मात्र घरे बंद न करता तेवढ्याच अटीवर विसंबले तर पाचवीची मुले सोमवारी पाच तासिकांनी सुटतील आणि गुरुवारी नऊ भरतील, कारण दोन्ही दिवशी मधली पोकळी नाहीच. मधली सुट्टी चौथ्या तासिकेनंतर असेल तर विज्ञानाचा जोडतास चौथीस सुरू होऊ नये, संपूर्ण संस्कृत, संपूर्ण हिंदी आणि संयुक्त घेणारी मुले एकाच वेळी आपापल्या गटांत जावीत, अशा अटी अनुभवाने सुचत जातात. त्या सगळ्या येथे सांगत बसत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि त्याचा मला आदर वाटतो: यंत्रास माणसे कळत नाहीत, कोणाच्या घरी आजारी आई आहे, कोण दोन बस बदलून येतो, हे वेळापत्रक करणाऱ्या माणसासच ठाऊक. पण हाताने केलेल्या वेळापत्रकात ही माणुसकी कोणाच्या वाट्यास येत असे, हेही सांगितले पाहिजे. ज्येष्ठांच्या आणि मोठ्या आवाजाच्या चिठ्ठ्या आधी लागत. भिडस्त शिक्षकाच्या चिठ्ठ्या उरल्या घरांत जात, आणि शेवटच्या तासिका वर्षानुवर्षे त्याच दोघा-तिघांच्या नशिबी येत. मीही हे केले आहे. फेटमध्ये शिक्षकाचे घर बंद करायचे तर ते नावानिशी नोंदवावे लागते. कोणास किती मुभा मिळाली हे मोजता येते, आणि आजारी आईसाठी मागितलेली पहिली तासिका भीड घालण्याचा प्रश्न न राहता दप्तरी रुजू होते.

यावरून कळ दाबली की वेळापत्रक मिळते, असे कोणी समजू नये. तो उलट बाजूचा भ्रम आहे. सर्व वर्ग व सर्व शिक्षक सर्वकाळ मोकळे असतील तर हे कोडे सुटतेच, हे हंगेरीच्या देनेश कोनिग यांच्या १९१६ च्या सिद्धान्तावरून निघते. परंतु काही शिक्षक काही तासांस उपलब्ध नाहीत, एवढी एक अट आली की ते गणितातील अत्यंत बिकट कोड्यांच्या वर्गात जाते, असे इव्हन, इताई व शमीर यांनी १९७६ साली दाखवून दिले. म्हणून खऱ्या गरजेचे घर बंद करण्यास कचरू नये, आणि नुसत्या हौसेचे एकही बंद करू नये.

मुख्याध्यापकांस माझी विनंती एवढीच, की यंदा प्रणाली उघडण्यापूर्वी प्रत्येक तुकडीच्या खऱ्या तासिकांची बेरीज एका कागदावर लिहावी, ती विषयवाटपाशी ताडून पाहावी, आणि वेळापत्रक फलकावर लागेल त्या दिवशी वर्गांच्या व शिक्षकांच्या बंद घरांची यादीही त्याच्याशेजारी सर्वांना दिसेल अशी लावावी.