शहराने थकवलेली मजुरी

२४६ रुपये. पुण्यातली एक कचरावेचक बाई दर महिन्याला एवढ्या किमतीचे श्रम महापालिकेला फुकट देते, असा हिशेब २००१ साली निघाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तो मांडलेला आहे. कुंडीतला कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक एखादी बाई गोणीत भरून नेते, तेव्हा तेवढा माल महापालिकेला ट्रकमध्ये भरावा लागत नाही, डेपोपर्यंत वाहून न्यावा लागत नाही, जिरवावाही लागत नाही. पैसा शहराचा वाचतो, पाठ मात्र तिची मोडते.

गरिबांना सरकारी मदत द्यावी की नाही, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. एक बाजू ‘रेवडी’ म्हणते, दुसरी ‘ओवाळणी’ म्हणते. पुण्याच्या कचरावेचक बायकांनी तीस वर्षांपूर्वीच या वादात वेगळी बाजू घेतली. आम्ही शहराचे काम करतो, तेव्हा शहर आमचे देणे लागते, ही ती बाजू. सार्वजनिक मदतीचा यापेक्षा भक्कम पाया महाराष्ट्रात क्वचितच कुणी घातला असेल.

या बायकांना संघटित करण्याच्या कामाची सुरुवात झाली एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण उपक्रमातून. १९९० च्या सुमारास शिकवायला गेलेल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांबरोबर कुंड्यांपर्यंत गेल्या आणि खरी अडचण त्यांच्या ध्यानात आली. यातल्या बहुसंख्य बायका दलित, त्यातही मातंग आणि नवबौद्ध. कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. ओल्या घाणीत हात घालून सुका माल काढायचा, कुत्री चावायची, काचेने बोटे कापायची आणि कुठे चोरी झाली की पोलिसांचा पहिला संशय यांच्यावर. घराघरातून सुका कचरा वेगळा मिळाला तर कुंडीत उतरावे लागणार नाही, हा विचार तिथून पुढे आला.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक जण जमले. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमालांच्या चळवळीचा हात धरून ती उभी राहिली, याला मोठा अर्थ आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात एक तत्त्व मान्य केले होते: कामगाराला कायमचा एकच मालक नसला, तरी त्याचे काम ज्यांच्या उपयोगी पडते त्यांनी मजुरीवर लेव्ही भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना पाहायचा. कचरावेचक बायकांनी हेच तत्त्व शहराला लावले. सगळे शहर जर आमच्या कामाचा फायदा घेते, तर मालकही सगळे शहरच.

पंचायतीची पहिली मोठी मिळकत म्हणजे ओळखपत्र. १९९५-९६ मध्ये पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ज्या बाईला चौकीत बसवून ठेवता येत होते, तिच्या हाती आता महापालिकेने मानलेला कागद आला. त्यानंतर बायकांची पतसंस्था झाली आणि सावकाराचा फास सैल झाला. २४६ रुपयांचा हिशेब मांडून पंचायतीने आरोग्य विम्याची मागणी लावून धरली आणि २००२-०३ पासून नोंदणी झालेल्या कचरावेचकांच्या विम्याचा हप्ता महापालिका भरू लागली. देशात असे करणारी ती पहिली महापालिका. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती योजनेत कचरावेचकांच्या मुलांचा समावेश व्हावा, म्हणूनही पंचायतीने पाठपुरावा केला.

२००८ मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था काम करू लागली. आज तिचे तीन हजारांहून अधिक सदस्य दारोदार फिरून ओला-सुका कचरा वेगळा घेतात, सुक्यातून भंगार वेचून विकतात आणि घरागणिक ठरलेले मासिक शुल्क घेतात. काम तेच, पण कुंडीतून ते दारात आले आणि त्याला मोबदला ठरला. २०१३ मध्ये याच बायकांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या. उघड्या नॅपकिनना हात लावावा लागण्याचा अपमान त्या रोज सोसत होत्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत नॅपकिनसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूदही त्याच नियमांत होती.

एवढे होऊनही यातले बहुतेक करारावर टिकून आहे आणि करार संपतो. ‘स्वच्छ’चा पाच वर्षांचा करार २०२० च्या अखेरीस संपला, तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी मुदतवाढ मिळत राहिली. करोनाच्या ऐन दिवसांत, टाळेबंदीतही, ज्यांनी शहराचा कचरा उचलला त्यांनाच काम हातून जाऊ नये म्हणून रस्त्यावर उतरावे लागले. ठेकेदाराच्या गाड्या आणल्या की काम आधुनिक होते, ही समजूत महापालिकांतून अजून गेलेली नाही.

म्हातारपणाचा प्रश्न तर याहून बिकट आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये राज्यातल्या बायकांच्या खात्यात जाऊ लागले. पैसे थेट बाईच्या खात्यात जातात, त्यासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, ही मोलाची गोष्ट आहे. पण ही योजना शासन निर्णयावर उभी आहे. एका निर्णयाने आलेले दुसऱ्या निर्णयाने जाऊ शकते, आणि त्यासाठी कोर्टात दाद मागावी तर हाती कायदा नाही. शिवाय ती २१ ते ६५ वयोगटासाठी आहे. पासष्टीनंतर गुडघे गेलेल्या, नजर अधू झालेल्या बाईने कुठे जायचे? वृद्धांच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेकडे. लाडक्या बहिणीला कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालते, श्रावणबाळची मर्यादा मात्र वर्षानुवर्षे २१,००० रुपयांवर अडकलेली आहे. म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळकत दिवसाला साठ रुपयेही नको. रोज शंभर रुपयांचे भंगार विकणारी म्हातारी या मर्यादेत बसत नाही. खोटा दाखला काढायचा किंवा निवृत्तिवेतन सोडायचे, असे दोनच रस्ते सरकारने तिच्यापुढे ठेवले आहेत. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी दरमहा २०० रुपयांवर थांबला आहे. दोनशे रुपयांत आज रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या आणि दवाखान्याचे येणे-जाणे भागत नाही.

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर इथे पटत नाही. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि त्या हमीसाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला. तेव्हाचे राज्य आजच्याहून कितीतरी गरीब होते. आज प्लास्टिक उत्पादकांवर आपल्या वेष्टनांची जबाबदारी घेण्याचे कायदेशीर बंधन आहे. ती वेष्टने प्रत्यक्षात गोळा करते ती कचरावेचक बाई. त्या जबाबदारीपोटी उत्पादकांनी खर्चायच्या पैशातला वाटा तिच्या भविष्यनिर्वाह निधीत जाणे हा साधा न्याय झाला.

म्हणून राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. माथाडी मंडळाच्या धर्तीवर कचरावेचकांचे मंडळ कायद्याने स्थापावे आणि त्यासाठी प्लास्टिक उत्पादक व महापालिका या दोघांकडून लेव्ही घ्यावी. निराधार आणि वृद्धांच्या योजनांची उत्पन्नमर्यादा लाडकी बहीण योजनेइतकी करावी. कचरा गोळा करण्याचे काम सर्व महापालिकांनी कचरावेचकांच्या संस्थांना दीर्घ मुदतीच्या करारांनी द्यावे. वाचकांनीही आपापल्या घरी सुका कचरा वेगळा ठेवावा, नॅपकिन कागदात गुंडाळून, ओळखू यावा म्हणून त्यावर लाल ठिपका काढावा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचे शुल्क महिन्याच्या महिन्याला, घासाघीस न करता द्यावे. ते पैसे त्यांनी केलेल्या कामाचे आहेत.