छात्रांना पदार्थविज्ञान कोण शिकवणार?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा दीक्षान्त संचलन होते. खेत्रपाल मैदानावरील त्या सोहळ्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात आणि ती पाहून पुणेकरांचा ऊर भरून येतो. ३० मे २०२५ रोजी १४८ व्या तुकडीबरोबर पहिल्या १७ युवती संचलन करीत बाहेर पडल्या, तेव्हा तर साऱ्या देशाने त्यांचे कौतुक केले. ते योग्यच होते. परंतु या संचलनापूर्वी छात्रांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या पदव्याही दिल्या जातात, याचे स्मरण फारच थोड्यांना असते. ज्या संस्थेची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी बसविली, ती केवळ कवायतीची जागा नव्हे. ते एक महाविद्यालयही आहे. आणि कोणत्याही महाविद्यालयासंबंधी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच की, तेथे शिकवतो कोण?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम पदार्थविज्ञानापुरता विचारीत आहो. दूर पल्ल्याच्या तोफेचा गोळा पृथ्वीच्या परिवलनामुळे किंचित बाजूस सरतो. समुद्राच्या पाण्याचे तापमान खोलीगणिक बदलते, त्यामुळे ध्वनिलहरी वाकतात आणि त्या वाकण्याच्या आडोशाला पाणबुडी दडून राहते. लढाऊ विमानाने तीव्र वळण घेतले की वैमानिकाच्या मेंदूतील रक्त खाली उतरू लागते. ही सारी पदार्थविज्ञानाचीच प्रकरणे होत. ती ज्याला केवळ पाठ आहेत तो अधिकारी यंत्रावरील आकडे वाचील. पण यंत्र चुकते आहे हे ज्याला ती उमगली आहेत त्यालाच कळेल. या दोघांतील अंतर किती माणसांच्या प्राणांएवढे असू शकते, हे सांगावयास नको.

अशा वर्गावर शिकविणे हे सोपे काम नाही. समोरचे तरुण देशाच्या कानाकोपऱ्यातून, निरनिराळ्या परीक्षा मंडळांतून आलेले असतात. पहाटेपासून कवायत आणि व्यायाम करून ते वर्गात बसतात. मन तयार असले तरी पापण्या जड झालेल्या असतात. त्यांना जागे ठेवणे ही एक गोष्ट आणि त्यांची जिज्ञासा जागी करणे ही दुसरी. पहिली गोष्ट शिस्तीने साधते. दुसरीला जातिवंत शिक्षकच लागतो.

असा शिक्षक निवडण्याची आपली रीत कोणती? प्रबोधिनीतील नागरी अध्यापकांची निवड संघ लोकसेवा आयोगामार्फत होत आली आहे. निवड निःपक्षपाती व्हावी हा त्यातील हेतू स्तुत्य आहे. परंतु मुलाखतीच्या टेबलापुढे उमेदवाराचे ज्ञान दिसते, त्याचे शिकवणे दिसत नाही. एकंदर उच्च शिक्षणातही मोजमाप झाले ते संशोधनाचेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी सरळ नेमणुकीसाठी सहयोगी प्राध्यापकाला किमान ७ आणि प्राध्यापकाला १० प्रकाशनांची अट घातली. विद्यापीठीय विभागात ही अट शोभेल. पण जेथे अध्यापन हाच मुख्य धर्म आहे, तेथे लेखांची संख्या मोजून शिक्षक पारखणे म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा काठावर घेण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल की, संशोधनाची अट सैल केली तर अध्यापक जुन्या टिपणांवरच निवृत्तीपर्यंत दिवस काढील. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तिचे उत्तर अमेरिकेच्या ॲनापोलिस येथील नौदल प्रबोधिनीच्या इतिहासात सापडते. अल्बर्ट मायकेलसन हा १८७३ साली तेथूनच पदवीधर झाला व पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागला. प्रकाशाचा वेग कसा मोजतात हे छात्रांना प्रत्यक्ष दाखवावे, एवढ्याच निमित्ताने त्याने हा प्रयोग हाती घेतला. तो सुधारता सुधारता १८७९ पर्यंत त्याने त्या वेगाचे पूर्वीहून अचूक मापन केले. १९०७ साली विज्ञानातील नोबेल पारितोषिक मिळविणारा तो पहिला अमेरिकन ठरला. संशोधन आधी आणि वर्ग मागून, असा क्रम येथे नव्हता; वर्गातील फळ्यापाशीच संशोधनाचा अंकुर फुटला होता.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. अंतिम निवडीपूर्वी प्रत्येक उमेदवाराने खऱ्या छात्रांच्या वर्गावर एक पाठ घ्यावा आणि प्रयोगशाळेत एक प्रयोग मांडून दाखवावा. बढती देताना छात्रांना बरोबर घेऊन केलेल्या लहानशा प्रयोगालाही प्रसिद्ध झालेल्या लेखाइतकेच वजन असावे. पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आणि खडकवासल्याचेच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र अशा संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. तेथील शास्त्रज्ञ प्रबोधिनीत व्याख्यानांस यावेत आणि अध्यापक तेथे काही काळ काम करण्यास जावेत. आणि मुख्य म्हणजे, राज्यातील कितीतरी महाविद्यालयांत रिक्त जागा तासिका तत्त्वावर भरण्याचा जो रोग जडला आहे, त्याची बाधा संरक्षणाच्या या पायाभूत संस्थेला होऊ देऊ नये. आज येथे, उद्या कोठे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तीन वर्षे एका तुकडीची जोपासना करावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

तोफा आणि विमाने विकत घेता येतात, आणि त्यांसाठी देश पैसा खर्च करतोच. त्यांची विद्या समजलेला अधिकारी मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही. तो वर्गातच घडवावा लागतो. तो घडविणाऱ्याची निवड तरी आपण तोफेच्या खरेदीइतक्या काळजीने करणार आहो की नाही?