लहान कारखाने, दूरची बाजारपेठ

निर्यात म्हणजे परकीय चलन, हे समीकरण धोरणकर्त्यांच्या मनात इतके घट्ट बसले आहे, की लघुउद्योजकाला त्यातून काय मिळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर चेन्नईच्या चर्मोद्योगात सापडते. या शहरातील क्रोमपेट उपनगराचे नावच क्रोम पद्धतीने कातडी कमावणाऱ्या एका जुन्या कारखान्यावरून पडले. पल्लावरमपासून राणीपेट, वाणियंबाडी, अंबूरपर्यंत पसरलेल्या या व्यवसायात लहान कारखान्यांचा भरणा मोठा आहे.

एके काळी येथून अर्धवट कमावलेले चामडे युरोपला जाई आणि त्याचे बूट तिकडे होत. १९७३ मध्ये केंद्राने अशा निर्यातीवर मर्यादा घातली आणि कारखानदारांना तयार चामडे व पादत्राणे यांकडे वळावे लागले. खरी कसोटी मात्र पुढे लागली. चामड्याला बुरशी लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या पेंटाक्लोरोफिनॉलवर जर्मनीने १९८९ मध्ये बंदी घातली. १९९४ मध्ये काही अॅझो रंगांवरही. एकेकट्या कारखान्याला हे पेलणारे नव्हते. १९४८ पासून अड्यारमध्ये असलेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था तेव्हा मदतीला आली. चाचण्या आणि पर्यायी रसायने यांचे ज्ञान एका ठिकाणी उपलब्ध झाले, म्हणून लहान कारखाने तगले. दूरच्या ग्राहकाने घातलेली अट पुरी करताना त्यांच्या हाती जे कसब आले, ते कोणत्याही अनुदानातून आले नसते.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. देशात एकाच बड्या खरेदीदारावर अवलंबून असलेल्या लघुउद्योगाला दराबाबतही बोलता येत नाही आणि थकलेल्या बिलाबाबतही. २००६ च्या कायद्याने देणी चुकती करण्यास कमाल ४५ दिवसांची मुदत घातली. २०२३ च्या वित्त कायद्याने ती प्राप्तिकरातील वजावटीशी जोडली. तरीही आपला हक्क मागणाऱ्यास पुढची ऑर्डर गमावण्याची धास्ती असतेच. दुसरा ग्राहक हाताशी असणे, हाच त्यावरचा उतारा.

अर्थात परदेशी ग्राहक हा काही तारणहार नव्हे. जर्मन नियमांनी जर्मन माणसाच्या त्वचेची काळजी घेतली, पालार नदीच्या पाण्याची नाही. त्यासाठी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व तमिळनाडूतील टॅनरींना लागू करावे लागले. आणि अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून अनेक भारतीय वस्तूंवरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा एकाच परदेशी बाजारपेठेवर विसंबणे हेही एका व्यापाऱ्यावर विसंबण्याइतकेच घातक असल्याचे दिसले.

म्हणून सरकारी साहाय्याचा रोख बदलायला हवा. प्रयोगशाळेचे शुल्क नमुन्यामागे आकारले जाते. तीनशे जोड पाठवणाऱ्याला आणि तीस हजार जोड पाठवणाऱ्याला ते सारखेच पडते. प्रदर्शनांची दालने सजवण्याऐवजी हा खर्च लहान निर्यातदारासाठी शासनाने उचलावा, पतविम्याचा पहिल्या काही वर्षांचा हप्ताही उचलावा आणि नवा परदेशी नियम लागू होण्याआधी त्याचा अर्थ तमिळ, मराठी अशा स्थानिक भाषांत उद्योजकापर्यंत पोहोचवावा. अड्यारच्या संस्थेसारखी सामायिक सोय देशातील इतर किती उद्योग-समूहांना आहे, याची मोजणी वाणिज्य मंत्रालयाने आधी करावी.