चिपवर जागा सोडा

2020 च्या उन्हाळ्यात जुन्नर-आंबेगावच्या टोमॅटो पट्ट्यात फळे धड लाल होईनात. हिरवे-पिवळे चट्टे पाहून शेतकऱ्यांनी रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. पण अहवालासाठी तोडा थांबत नाही. बांधावर निदान करणाऱ्या चिपची ओढ इथूनच लागते.

हा विषाणू आरएनएचा; आधी त्याचा डीएनए करून घ्यावा लागतो. टोमॅटोवरच्याच लीफ कर्ल रोगाचा विषाणू मुळातच डीएनएचा. चिपच्या अनेक रचनांत पुढची मदार एकाच गोष्टीवर असते: पृष्ठभागाला टाचलेल्या डीएनएवर विकर नीट चालेल का? इथेच आपण नळीतले गणित चिपवर लादतो. कापणाऱ्या विकराचे ‘एक युनिट’ म्हणजे तासाभरात एक मायक्रोग्रॅम मोकळा डीएनए कापण्याची ताकद. टाचलेल्या डीएनएबद्दल ते काहीच सांगत नाही.

चौरस सेंटीमीटरवर एक लाख कोटी प्रोब, म्हणजे टाचलेले डीएनएचे धागे, बसवले तर दोहोंत सरासरी दहा नॅनोमीटर अंतर राहते. दसपट बसवले तर जेमतेम तीन. दुपेडी डीएनएच दोन नॅनोमीटर जाड, आणि विकर पाचाच्या आसपास. ते शिरणार कुठून? इटलीतील त्रिएस्तेच्या कास्त्रोनोव्हो, कासालिस आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले की दाट थरात विकर वरून उतरतच नाही. उसाच्या फडात बिबट्या शिरतो तसे ते कडेने आत जाते आणि मग आतल्या आत पसरते. म्हणजे ठिपक्याला कडा किती, हेही महत्त्वाचे. त्याआधीच्या प्रयोगांत तर दाटी एका मर्यादेपलीकडे गेल्यावर कापणी थांबलीच होती.

गर्दी नेहमी वाईट असे मात्र नव्हे. डीएनए जोडणाऱ्या लायगेज या विकराच्या मिश्रणात पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालून आपणच ती करतो, आणि जोडणी वेगाने होते. पण तिथे डीएनएची दोन्ही टोके मोकळी फिरत असतात.

‘प्रोब जास्त, संकेत जास्त’ हा हिशेब केवळ जोडी जुळवणाऱ्या चिपलाही एका हद्दीपर्यंतच लागू पडतो. विकरावर चालणाऱ्या चिपला तर तो आधीच दगा देतो. शिवाय टोमॅटोच्या पानाच्या रसातले पॉलिफेनॉल विकराला अडवतात ते वेगळेच. संकेत आला नाही की सगळा दोष त्या रसावर ढकलण्याची सवय मला संशयास्पद वाटते. शुद्ध डीएनए घालून तीच चिप आधी तपासली होती का?

म्हणून यापुढे या नियतकालिकाकडे आलेल्या चिपवरील लेखात प्रोबची घनता, त्याला पृष्ठभागाशी जोडणाऱ्या दुव्याची लांबी आणि ठिपक्याचा आकार दिलेला नसेल, तर तो परीक्षकांकडे न पाठवता लेखकाकडे परत जाईल.